रुग्णालयाच्या संगणकाची देखभाल कोण करणार?

३ जून २०२४ रोजी लंडनमधील काही मोठ्या रुग्णालयांत रक्ततपासणीचे अहवाल येणे अचानक थांबले. किंग्ज कॉलेज हॉस्पिटल, गाईज आणि सेंट थॉमस या रुग्णालयांच्या रक्ततपासण्या करणाऱ्या सिनोव्हिस या संस्थेच्या संगणकांवर खंडणीखोरांनी हल्ला केला होता. रक्तपेढीत रक्त होते, डॉक्टर होते, रुग्णही होते; पण कोणाचे रक्त कोणाला जुळते हे नेहमीच्या वेगाने पाहण्याची सोय उरली नव्हती. अशा वेळी त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग म्हणजे ‘ओ’ गटाचे रक्त वापरणे. त्याची मागणी इतकी वाढली की ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेला, म्हणजे एनएचएसला, ‘ओ’ गटाच्या रक्तदात्यांना जाहीर आवाहन करावे लागले. पुढच्या काही महिन्यांत १० हजारांहून अधिक बाह्यरुग्ण भेटी आणि १,७०० हून अधिक नियोजित शस्त्रक्रिया व उपचार पुढे ढकलले गेले. वर्षभराने, जून २०२५ मध्ये, किंग्ज कॉलेज हॉस्पिटलने एका रुग्णाच्या मृत्यूच्या चौकशीचा निष्कर्ष जाहीर केला. मृत्यूला हातभार लावणाऱ्या अनेक बाबींपैकी एक होती, या हल्ल्यामुळे रक्ततपासणीचा अहवाल मिळण्यास झालेला उशीर.

ऑक्सिजनची पाइपलाइन किंवा निर्जंतुकीकरणाचे ऑटोक्लेव्ह जसे रुग्णालयाचे उपकरण असते, तसेच सॉफ्टवेअरही आता उपकरणच झाले आहे. ते बंद पडले तर केवळ कारकुनी अडत नाही, उपचार अडतात. अशी एखादी घटना घडली की एक जुना वाद पुन्हा सुरू होतो. रुग्णालयांनी कंपन्यांचे मालकी हक्काचे, बंदिस्त सॉफ्टवेअर वापरावे की ज्याची आज्ञावली सर्वांना खुली असते असे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा मोफत आधार थांबवला. तेव्हापासून तर हा प्रश्न लहानमोठ्या प्रत्येक दवाखान्याच्या टेबलापर्यंत आला आहे. संगणक सुरू होतो, केसपेपर निघतो, छपाई होते; पण त्यातली नवी छिद्रे आता कोणी आपणहून बुजवत नाही. पैसे भरून ही सेवा आणखी काही काळ घेता येते. मात्र संस्थांसाठी ती जास्तीत जास्त तीन वर्षे मिळते आणि तिचा दर दरवर्षी दुप्पट होतो.

वादाच्या दोन्ही बाजूंकडे तयार उत्तरे आहेत. प्रत्यक्ष घडलेल्या घटना तपासल्या तर मात्र दोन्ही उत्तरे अर्धवट ठरतात.

खुली कृती, बंद कृती

संगणकाला काय करायचे ते सांगणाऱ्या लिखित सूचनांचा संच म्हणजे आज्ञावली, ज्याला इंग्रजीत ‘कोड’ म्हणतात. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये तो कोड कंपनीच्या तिजोरीत असतो. ग्राहकाला वापरण्याचा परवाना मिळतो. आत काय आहे हे पाहण्याचा, ते बदलण्याचा अधिकार मिळत नाही. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमध्ये कोड सर्वांना पाहता येतो, परवान्याच्या अटी पाळून बदलताही येतो. लिनक्स, अँड्रॉइडचा गाभा, इंटरनेटवरची बहुतेक यंत्रणा या प्रकारातली आहे.

औषधांच्या जगात याला जवळचे उदाहरण जलसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे. तिचे सूत्र जगजाहीर आहे, कोणीही ती बनवू शकतो, त्यामुळे ती स्वस्त आहे आणि तिने असंख्य मुले वाचवली. पण सूत्र खुले आहे म्हणून बाजारातले प्रत्येक पाकीट चांगलेच असते असे नाही. ते कोणी बनवले, कोणी तपासले आणि कोणत्या पाण्यात कालवले, यावर पुढचे सारे ठरते. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचेही असेच आहे. कोड खुला असणे ही संधी असते, हमी नसते.

कोड झाकून ठेवला की चोराला छिद्र सापडणार नाही, हा समजही जुना आहे आणि तो फार पूर्वीच मोडीत निघाला आहे. ऑगस्ट केर्कहॉफ्स या अभ्यासकाने १८८३ मध्येच लष्करी सांकेतिक लेखनाबद्दल लिहिताना सांगितले होते की, यंत्रणेची रचना शत्रूच्या हाती पडली तरी अडचण येऊ नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. कुलपाची रचना माहीत असूनही जे उघडत नाही, तेच खरे कुलूप. बंदिस्त सॉफ्टवेअर फोडणाऱ्यांना मूळ कोड लागतोच असे नाही, हे गेल्या वीस वर्षांत वारंवार दिसले आहे.

लस आली, पण टोचली नाही

१२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा संगणकीय विषाणू जगभर पसरला. तो विंडोजमधल्या ज्या छिद्रातून शिरत होता, ते बुजवणारी दुरुस्ती, म्हणजे पॅच, मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच दिली होती. लस उपलब्ध होऊन जवळपास दोन महिने झाले होते, पण ती टोचलेली नव्हती. इंग्लंडमधील एनएचएसच्या २३६ ट्रस्टपैकी किमान ८० ट्रस्टना याचा फटका बसला. ५९५ जनरल प्रॅक्टिस, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरांचे दवाखाने, बाधित झाले. सुमारे १९ हजार भेटी रद्द झाल्याचा अंदाज आहे. पाच भागांतील रुग्णांना तातडीच्या उपचारांसाठी दूरच्या रुग्णालयात जावे लागले. एकूण नुकसान ९ कोटी २० लाख पौंडांच्या घरात गेले.

त्या वेळी सगळा ठपका विंडोज एक्सपी या जुनाट प्रणालीवर ठेवला गेला. तिचा आधार कंपनीने एप्रिल २०१४ मध्येच थांबवला होता, त्यामुळे ते पटण्यासारखेही होते. पण ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने तपास केला तेव्हा वेगळेच निघाले. बाधित झालेले बहुतेक संगणक विंडोज ७ चे होते. त्यांना कंपनीचा आधार होता, पॅचही मिळत होता. तो बसवला गेला नव्हता. कंपनीने आपले काम केले होते, रुग्णालयांनी केले नव्हते.

का केले नाही, याचे उत्तर रुग्णालयात काम करणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. एमआरआय किंवा सीटी स्कॅन यंत्राला जोडलेला संगणक हा त्या यंत्राचाच भाग मानला जातो. यंत्र १०-१५ वर्षे चालते, त्यातली विंडोज त्याआधीच म्हातारी होते. पॅच बसवायचा तर यंत्र बनवणाऱ्या कंपनीची परवानगी लागते; स्वतःहून हात लावला तर हमी रद्द होण्याची भीती. शिवाय यंत्र थांबवायचे कधी? बाहेर रुग्णांची रांग असते. म्हणून ‘चालतंय ना, मग कशाला हात लावायचा’ या न्यायाने वर्षे जातात.

बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये दुसराही धोका आहे: आत काय चालले आहे, हे ग्राहकाला कळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा यंत्रणेने आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, कॉन्टेक या चिनी कंपनीच्या सीएमएस-८००० या मॉनिटरबद्दल इशारा दिला. रुग्णाच्या खाटेशेजारी नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनचे प्रमाण दाखवणारे हे साधे यंत्र. इंटरनेटला जोडले की ते रुग्णाची माहिती एका ठरावीक बाहेरच्या पत्त्यावर पाठवत असल्याचे आढळले. पुढे काही तज्ज्ञांनी मत मांडले की हा कट नसावा, बेफिकीर रचना असावी. हेतू काहीही असो, यंत्र विकत घेणाऱ्या रुग्णालयांना याचा पत्ता नव्हता.

आणि वेळेवर अपडेट केले म्हणजे काळजी मिटली, असेही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. अमेरिकेत काही रुग्णालयांनी तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया रद्द केल्या, इंग्लंडमधील अनेक फॅमिली डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी उघडता येईनात. हा हल्ला नव्हता. रखवालदाराकडूनच झालेली चूक होती. नवे औषध आधी थोड्या रुग्णांत तपासून मग सर्वांना देतात. अपडेटच्या बाबतीतही तोच शहाणपणा हवा, हा त्यातला धडा.

बारभाईंची शेती

मुक्तस्रोताच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा मुद्दा असा की, हजारो डोळे कोड पाहत असतात, त्यामुळे दोष लपून राहत नाही. हे खरे ठरते, पण ते डोळे प्रत्यक्षात पाहत असतील तरच.

एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ हा दोष उघडकीस आला. ओपनएसएसएल नावाच्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील ही चूक. इंटरनेटवर बँकेचा पासवर्ड टाकताना पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसते, ते कुलूप तयार करणारे हे सॉफ्टवेअर. सुमारे पाच लाख सुरक्षित संकेतस्थळे या दोषाने उघडी पडली होती. चूक दोन वर्षे कोडमध्ये सर्वांच्या डोळ्यांदेखत पडून होती. जगभरच्या बँका, सरकारे, रुग्णालये हे सॉफ्टवेअर वापरत होती. पण त्याच्यासाठी पूर्णवेळ काम करणारा माणूस जेमतेम एक होता आणि वर्षाला मिळणारी देणगी साधारण २ हजार डॉलर. त्याच वर्षी अमेरिकेतील कम्युनिटी हेल्थ सिस्टिम्स या रुग्णालय साखळीतून सुमारे ४५ लाख रुग्णांची माहिती चोरीला गेली. चोर हार्टब्लीडच्या वाटेनेच आत शिरल्याचे सुरक्षा तज्ज्ञांनी सांगितले.

बारभाईंची शेती, काय लागेल हाती, ही म्हण इथे तंतोतंत लागू पडते. पीक सगळ्यांना हवे असते, निंदणी-खुरपणी कोणाच्याच नावावर नसते. हार्टब्लीडनंतर लिनक्स फाउंडेशनच्या पुढाकाराने मोठ्या कंपन्यांनी अशा महत्त्वाच्या प्रकल्पांसाठी निधी उभारला. तरीही डिसेंबर २०२१ मध्ये लॉग४जे या आणखी एका सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत घटकात अतिगंभीर दोष निघाला. तो घटकही मुख्यतः आपला मोकळा वेळ देणाऱ्या स्वयंसेवकांच्या भरवशावर चालत होता.

सर्वांत अस्वस्थ करणारी घटना २०२४ ची. ‘एक्सझेड’ हे फाइल आक्रसून लहान करणारे छोटे साधन अनेक लिनक्स प्रणालींत असते. त्याची देखभाल अनेक वर्षे एकच माणूस विनामोबदला करत होता. आपल्या मानसिक स्वास्थ्याच्या अडचणींबद्दलही त्याने उघडपणे लिहिले होते. २०२१ पासून ‘जिया टॅन’ या नावाने एक मदतनीस पुढे आला. दोन-अडीच वर्षे त्याने निष्ठेने काम केले, विश्वास मिळवला, हळूहळू अधिकार मिळवले. त्याच काळात इतर काही नावांनी मूळ देखभालकर्त्यावर ‘कामे लवकर होत नाहीत, दुसऱ्याला सोपवा’ असा दबाव येत होता. २०२४ च्या फेब्रुवारीत त्या मदतनिसाने साधनात एक चोरदरवाजा बसवला. २९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने तो उघडकीस आणला. कशावरून, तर एका चाचणीत संगणकात शिरायला अर्धा सेकंद जास्त लागत होता, तेवढ्यावरून. चोरदरवाजा बहुतेक ठिकाणी पोहोचण्याआधीच बंद झाला.

या घटनेचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावता येतो. कोड खुला होता म्हणून परका माणूस आत शिरू शकला. आणि कोड खुला होता म्हणूनच दुसऱ्या कंपनीत नोकरी करणारा अभियंता खोलवर जाऊन चोर पकडू शकला. पण मुळाशी एक थकलेला, एकटा माणूस होता. त्याच्या मदतीला वेळेवर कोणी प्रामाणिक माणूस दिला असता, तर हल्लेखोराला जागाच मिळाली नसती. अतिरिक्त ताणाखालच्या निवासी डॉक्टरकडून किंवा परिचारिकेकडून चूक होते तेव्हा दोष व्यवस्थेचा असतो, हे वैद्यकशास्त्र आता मान्य करते. सॉफ्टवेअरचा नियम वेगळा नाही.

आपल्याकडे काय घडले

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’मधील संगणक यंत्रणा बंद पडली. सरकारने पुढे संसदेत सांगितले की पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद केली गेली. सुमारे दोन आठवडे देशातल्या सर्वांत नावाजलेल्या रुग्णालयात नोंदणी, दाखल करणे, घरी सोडणे हे सारे हाताने लिहून चालले. हल्ला शक्य का झाला, याचे सरकारने दिलेले कारण महत्त्वाचे आहे: जाळ्याची योग्य विभागणी केलेली नव्हती. संसर्गजन्य रोगाचा रुग्ण वेगळ्या कक्षात ठेवतात, तसे संगणकांचेही कप्पे करावे लागतात. नाहीतर एकाचा संसर्ग सगळ्यांना होतो. आणि माहिती परत कशामुळे मिळाली? एका सर्व्हरवरची राखीव प्रत हल्ल्यातून वाचली होती. सॉफ्टवेअर खुले की बंदिस्त, याचा बिघाडाशी किंवा सुटकेशी फारसा संबंध नव्हता.

महाराष्ट्राचा अनुभव वेगळ्या प्रकारचा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत अनेक वर्षे चाललेली ‘एचएमआयएस’ ही संगणक प्रणाली २०२२ च्या जुलैत पुरवठादाराशी झालेल्या वादात थांबली. इथे ना विषाणू होता ना खंडणीखोर. तरीही केसपेपरच्या खिडकीसमोर परिणाम तोच: लांबलेल्या रांगा, हाताने लिहिलेले अहवाल. एखाद्या मधुमेही रुग्णाचे दोन वर्षांपूर्वीचे क्रिएटिनिन किती होते हे डॉक्टरला दिसले नाही, तर मूत्रपिंड आजच बिघडले की आधीपासूनच बिघडलेले होते हे ठरवणे कठीण होते. त्यावर औषधाची मात्रा अवलंबून असते. पेनिसिलिनची अॅलर्जी जुन्या नोंदीत असेल आणि ती नोंद उघडत नसेल, तर धोका रुग्णाच्या जिवाला असतो. सायबर हल्ला आणि करारातला वाद यांत रुग्णाच्या दृष्टीने काहीच फरक नसतो.

याच देशात तिसरे उदाहरणही आहे. छत्तीसगडमधील बिलासपूरजवळच्या गनियारी गावात जन स्वास्थ्य सहयोग ही डॉक्टरांची संस्था आदिवासी आणि गरीब रुग्णांसाठी रुग्णालय चालवते. थॉटवर्क्स या कंपनीतील अभियंत्यांनी तिथे बसून, तिथल्या गरजा पाहून ‘बाहमनी’ ही मुक्तस्रोत रुग्णालय प्रणाली तयार केली. तिचा पाया ओपनएमआरएस हा २००४ मध्ये सुरू झालेला प्रकल्प. आफ्रिकेतील एचआयव्ही आणि क्षयरोगाच्या उपचार केंद्रांत तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. बाहमनी पुढे इतर देशांतही पोहोचली. ती टिकली त्याचे कारण केवळ खुला कोड हे नव्हे. तिच्याभोवती दुरुस्ती करणाऱ्या, नव्या आवृत्त्या काढणाऱ्या, प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांचे जाळे उभे राहिले. एक संस्था बाजूला झाली तरी दुसरी ते काम उचलू शकते. बंदिस्त सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसते. कंपनी गेली की किल्लीही गेली.

केंद्र सरकारने २०१५ मध्येच मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले आहे. करोनाकाळात टीका झाल्यावर आरोग्य सेतू अॅपचा कोडही मे २०२० मध्ये खुला करण्यात आला. दिशा योग्य आहे. पण धोरणाचा अर्थ अनेकदा ‘परवान्याचे पैसे वाचले’ एवढाच घेतला जातो. ‘फुकट ते पौष्टिक’ या हिशेबाने आणलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर देखभालीचा माणूस नसेल तर बंदिस्त सॉफ्टवेअरपेक्षा जास्त धोक्याचे ठरते. निदान कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये तक्रार करायला एक दूरध्वनी क्रमांक तरी असतो. परवान्याचे वाचलेले पैसे देखभालीला वापरले, तरच ती खरी बचत.

निविदा काढण्याआधी

म्हणजे खरा प्रश्न ‘खुले की बंद’ हा नाही. छिद्र सापडले की ते कोण बुजवणार, किती दिवसांत बुजवणार आणि त्याचे पैसे कोणत्या लेखाशीर्षातून जाणार, हा आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअर रुग्णालयाला स्वतःचा डॉक्टर निवडण्याचा हक्क देते, पण डॉक्टर देत नाही. बंदिस्त सॉफ्टवेअर डॉक्टर देते, पण तो बदलण्याचा हक्क देत नाही. प्रत्येक रुग्णालयाने आपली परिस्थिती पाहून यातले निवडावे. मात्र काही गोष्टी दोन्हीकडे सारख्याच लागू आहेत.

पहिली गोष्ट, यादी. रुग्णालयात खुर्च्या, खाटा, स्ट्रेचर यांची डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद असते. कोणत्या संगणकात कोणती प्रणाली, तिची कोणती आवृत्ती आणि तिचा आधार कधी संपतो, याची नोंद क्वचितच असते. औषध भांडारात मुदत संपत आलेली औषधे वेगळी काढतात. सॉफ्टवेअरचीही मुदत असते. अमेरिकेत २०२३ पासून इंटरनेटला जोडल्या जाणाऱ्या नव्या वैद्यकीय उपकरणांच्या उत्पादकांना आत वापरलेल्या सॉफ्टवेअर घटकांची संपूर्ण यादी एफडीएला द्यावी लागते. औषधाच्या पट्टीवर घटक छापलेले असतात, तसेच हे. आपल्याकडील सीईआरटी-इन या संस्थेनेही ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा यादीबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. उपकरण खरेदीच्या निविदेत ही अट घालायला पैसे पडत नाहीत.

दुसरी गोष्ट, करारातली कलमे. गंभीर दोष जाहीर झाल्यावर दुरुस्ती किती दिवसांत मिळणार, उपकरणाच्या संपूर्ण आयुष्यभर मिळणार का, करार संपला किंवा वाद झाला तर रुग्णांच्या नोंदी दुसऱ्या प्रणालीत वाचता येतील अशा स्वरूपात किती दिवसांत परत मिळणार, हे आधीच लिहून घ्यायला हवे. कंपनी बंद पडली तर कोड त्रयस्थाकडून रुग्णालयाला मिळावा, अशी तरतूदही करता येते. नोंदी रुग्णाच्या आहेत. त्या अडकवून ठेवण्याचा हक्क कोणत्याच पुरवठादाराला नाही.

तिसरी गोष्ट, राखीव प्रत आणि तिची चाचणी. एक प्रत तरी जाळ्यापासून पूर्ण तोडलेली हवी. ती नुसती असून चालत नाही. तीन-सहा महिन्यांनी ती उघडून नोंदी खरोखर परत येतात का ते पाहावे लागते. अपघात विभागातले डिफिब्रिलेटर रोज तपासतात ते याच कारणासाठी.

चौथी गोष्ट, जाळ्याचे कप्पे. यंत्राच्या हमीमुळे ज्या संगणकांना हात लावता येत नाही, त्यांना निदान इंटरनेटपासून आणि केसपेपरच्या खिडकीवरच्या संगणकांपासून वेगळे ठेवता येते.

पाचवी गोष्ट, संगणक बंद पडल्यावर काम कसे चालवायचे याची तालीम. आगीची कवायत होते, सामूहिक अपघाताची होते, तशी ‘आज संगणक नाही’ ही कवायतही वर्षातून एकदा व्हावी. कागदी फॉर्म कुठे ठेवले आहेत, रक्ताच्या नमुन्यावर नाव व नोंदणी क्रमांक कोण लिहिणार, प्रयोगशाळेतला अहवाल वॉर्डात कोण पोहोचवणार, हे ऐन वेळी ठरवू लागलो तर चूक ठरलेलीच. नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांनी आणि परिचारिकांनी कागदावरचे काम पाहिलेलेच नसते, हेही लक्षात ठेवावे लागेल.

कायद्याचा धाकही आता वाढला आहे. सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सीईआरटी-इनला कळवण्याचे बंधन २०२२ पासून आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंड हा रोग झाल्यानंतरचा उपाय. प्रतिबंध स्वस्त असतो, हे आरोग्य क्षेत्राला कोणी वेगळे सांगायला नको.

एक माणूस, एक पद

रुग्णांच्या हातातही थोडे आहे. आपले डिस्चार्ज कार्ड, महत्त्वाचे अहवाल, रक्तगट, सुरू असलेली औषधे आणि कोणत्या औषधाची अॅलर्जी आहे, हे कागदावर लिहून घरी एका फाइलमध्ये ठेवावे. मोबाइलमध्ये त्याची छायाचित्रे असावीत. ‘सगळे कॉम्प्युटरमध्ये आहे’ या भरवशावर फाइल टाकून देऊ नये. डायलिसिस, केमोथेरपी किंवा रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर ही फाइल नेहमी सोबत ठेवावी.

मोठा भाग मात्र व्यवस्थेनेच उचलायचा आहे. अनेक सरकारी रुग्णालयांत संगणकाचे सारे काम बाहेरच्या एजन्सीमार्फत नेमलेल्या एखाद्या तरुण मुलाच्या भरवशावर चालते. प्रिंटर अडकला, बोलवा त्याला. इंटरनेट गेले, बोलवा त्याला. त्याचा करार ११ महिन्यांचा असतो, पगार वेळेवर होतोच असे नाही. तो नोकरी सोडून गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर जातात. एक्सझेडची देखभाल करणारा एकटा माणूस आणि हा मुलगा यांच्यात फार अंतर नाही. कोट्यवधींचे सॉफ्टवेअर घेताना छायाचित्रासह उद्घाटन होते. त्याची देखभाल करणाऱ्याचे कायम पद मंजूर होताना कोणी फीत कापत नाही. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी प्रशिक्षित, कायमस्वरूपी माणूस आणि त्यासाठी दरवर्षी ठरलेली रक्कम, एवढी मागणी आरोग्य विभागाच्या पुढच्या अर्थसंकल्पात व्हायला हवी. त्यानंतर सॉफ्टवेअर खुले घ्यायचे की बंद, हे त्या माणसाला विचारून ठरवता येईल.